ब्रूनो गान्त्स म्हणजे फक्त ‘हिटलरवाला नट’? अजिबात नाही

‘डाउनफॉल’ ह्या 2004 च्या सिनेमातली, बंकरमध्ये जनरल लोकांवर भडकलेल्या हिटलरची ती क्लिप आपण सगळ्यांनीच पाहिलीय, खाली कोणी निवडणुकीची सबटायटल्स टाकतं, कोणी मॅच हरल्याची. तीच क्लिप लावून सध्या एक पोस्ट जोरात शेअर होतेय, तिचा मजकूर थोडक्यात असा: हा जर्मन नट ब्रूनो गान्त्स, वयाच्या 63 व्या वर्षापर्यंत ह्याला कोणी ओळखत नव्हतं, चेहरा हिटलरसारखा म्हणून रोल मिळाला, आरडाओरडा करून फेमस झाला, नंतर त्याच भूमिकेत अडकला आणि मागे फक्त मीम ठेवून गेला.

ह्यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि ज्या माणसाने आयुष्याची पन्नासेक वर्षं स्टेजवर घालवली त्याच्याबद्दल असं लिहिलेलं शेकडो लोक पुढे ढकलतायत हे बघून खरंच वाईट वाटतं, म्हणून एकेक घेतो.

‘जर्मन नट’. नाही, स्विस. जन्म 22 मार्च 1941 चा, झ्युरिकचा. वडील स्विस मेकॅनिक, आई उत्तर इटलीची. पहिला सिनेमा 1960 चा, तोही स्विस. शेवट झ्युरिकच्याच सरोवराकाठी, वेडन्सविलला, 16 फेब्रुवारी 2019 ला. काम बरंचसं जर्मनीत केलं हे खरं, पण जर्मन बोलणाऱ्यांची रंगभूमी झ्युरिक, व्हिएन्ना, साल्झबर्ग, बर्लिन अशी पसरलेली आहे, नट ह्या गावातून त्या गावात जात राहतात, त्यात नवल काहीच नाही.

‘कोणी ओळखत नव्हतं’. हे सगळ्यात जास्त खटकतं. 1960 च्या दशकात तो ब्रेमेनच्या थिएटरमध्ये होता, तिथे पीटर झाडेक आणि पीटर श्टाइन ह्या दिग्दर्शकांकडे काम केलं, 1969 मध्ये श्टाइनने जर्मन कवी गटेचं ‘टासो’ हे नाटक बसवलं तेव्हा टासो गान्त्स होता. पुढच्या वर्षी हीच मंडळी बर्लिनला गेली आणि शाउब्यूनं नावाच्या थिएटरचा कायापालट केला. तिथे कुठलं नाटक करायचं, कसं करायचं हे नट आणि तंत्रज्ञ सगळे मिळून बैठकीत ठरवायचे, वाद व्हायचे, मतदान व्हायचं. 1971 ला त्यांनी इब्सेनचं ‘पेअर ग्युंट’ केलं त्यात एकच पेअर सहा नटांनी वाटून घेतला होता, गान्त्स त्यातला एक. म्हणजे स्टार होण्यासाठी धडपडणारा हा माणूसच नव्हता, ग्रुपमध्ये राहून घासून काम करणारा होता, आणि तरीही 1973 मध्ये ‘थिएटर हॉयटे’ ह्या जर्मन नाट्यमासिकाने त्याला वर्षाचा सर्वोत्तम नट ठरवलं. 1973! बंकरवाला सिनेमा यायला अजून 31 वर्षं होती.

1972 चा साल्झबर्गचा किस्सा तर जर्मन नाट्यवर्तुळात अजून सांगतात. ऑस्ट्रियन लेखक थॉमस बर्नहार्डचं नवं नाटक, दिग्दर्शक क्लाउस पायमान, गान्त्स डॉक्टरच्या भूमिकेत. एक ऑपेरा गायिका प्रयोगाची तयारी करतेय आणि हा डॉक्टर शवविच्छेदन कसं करतात ते अवयवामागून अवयव सांगत सुटतो, बोलणं संपतच नाही, वैद्यकीय शब्दांचा नुसता पूर आणि त्यात एक विचित्र लय. शेवटी लेखकाला रंगमंदिरात संपूर्ण काळोख हवा होता, बाहेर जायच्या दाराचे दिवेसुद्धा बंद. अग्निशमनाच्या नियमात ते बसेना, प्रीमियरला दिवे चालूच राहिले, आणि मंडळींनी पुढचे प्रयोग करायला नकार दिला. एका प्रयोगात नाटक बंद. पण बर्नहार्डला हा नट इतका भावला की पुढचं एक नाटक त्याने गान्त्सलाच अर्पण केलं. बर्नहार्डसारखा कोणाचीही भीड न ठेवणारा लेखक ज्याच्यावर असा जीव टाकतो तो माणूस अनोळखी कसा असेल?

अडचण एवढीच आहे की हे सगळं नाटकात घडलं. नाटकाची क्लिप फिरत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहिलं. आपल्याकडच्या नाटकवाल्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.

बरं, नाटक सोडा, सिनेमा घ्या. 1976 ला एरिक रोमेरचा ‘मार्किझ ऑफ ओ’, 1977 ला विम वेंडर्सच्या ‘द अमेरिकन फ्रेंड’मध्ये डेनिस हॉपरसमोर हॅम्बुर्गचा फ्रेम बनवणारा साधा कारागीर, 1979 ला ड्रॅक्युलाच्या गोष्टीवरच्या हर्झोगच्या ‘नोस्फेरातु’त क्लाउस किन्स्कीसमोर जोनाथन हार्कर, 1981 ला दिग्दर्शक श्लोंडॉर्फसोबत यादवी चालू असलेल्या बैरूतमध्ये जाऊन शूटिंग, 1983 ला स्विस दिग्दर्शक अलेन टॅनरच्या सिनेमात लिस्बनमध्ये जहाज सोडून राहिलेला खलाशी. आणि 1987 ला ‘विंग्ज ऑफ डिझायर’, ज्याला कान्सला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं, त्यातला डामिएल हा देवदूत. तो माणूस होतो तेव्हाचा प्रसंग बघा एकदा: डोक्यावर चिलखत आदळतं, रक्त येतं, तो बोट लावून रक्ताची चव घेतो आणि खूश होतो, मग बर्लिनच्या भिंतीवरच्या चित्रांतला एकेक रंग दाखवून रस्त्यावरच्या माणसाला विचारतो की ह्याला काय म्हणतात, ह्याला काय म्हणतात. पहिल्यांदा शाळेत आलेल्या पोरासारखा चेहरा. 46 वर्षांचा माणूस, आणि एक शब्द खोटा वाटत नाही.

‘चेहरा हिटलरसारखा’. आत्ता सांगितलेल्या डामिएलचा फोटो काढून बघा, केसांची शेपटी, लांब ओव्हरकोट, मऊ नजर, कुठे दिसतो हिटलर? मेकअप, मिशी, भांग हे त्या खात्याचं काम, बाकीचं गान्त्सने मेहनतीने मिळवलं. 1942 मध्ये हिटलर फिनलंडला तिथल्या सेनापतीला, मानरहाइमला, भेटायला गेला तेव्हाचं त्याचं खाजगी बोलणं चोरून टेप झालं होतं, 11 मिनिटांचं, त्यात तो भाषणाच्या नाही तर नेहमीच्या आवाजात बोलतोय, गान्त्सने ते परत परत ऐकलं. हिटलरचा थरथरता हात नीट यावा म्हणून हॉस्पिटलमध्ये जाऊन पार्किन्सनचे पेशंट बघितले. आणि आपण जर्मन नाही, स्विस आहोत, ह्याचा त्या माणसापासून अंतर ठेवायला उपयोग झाला असंही तो मुलाखतीत बोलला होता, म्हणजे पोस्टमधला पहिला मुद्दा इथे पुन्हा पडतो.

‘आरडाओरडा’. कृपा करून आवाज बंद करून तो सीन पाहा. जनरल सांगतो की ज्या हल्ल्याच्या भरवशावर सगळं चाललंय तो झालाच नाही. काही क्षण काहीच होत नाही. मग थरथरत्या हाताने हळूच चष्मा काढला जातो, अगदी कमी आवाजात चार नावं घेऊन बाकीच्यांना बाहेर पाठवलं जातं, आणि त्यानंतर स्फोट. स्फोट ओसरल्यावर तो खुर्चीत बसतो, खांदे पडतात, आवाज जवळजवळ गळून जातो आणि युद्ध हरल्याचं तो तोंडाने कबूल करतो. चढण्याआधी कुठे थांबायचं आणि चढल्यावर कसं उतरायचं हे चाळीस वर्षं रोज संध्याकाळी प्रेक्षकांसमोर उभं राहूनच येतं. मीमवाल्यांनी नेमका हाच तुकडा उचलला, कारण कुठल्याही भाषेची सबटायटल्स टाका, त्यातली लय तुटतच नाही.

‘त्याच भूमिकेत अडकला’. 2006 ला ‘व्हिटस’मध्ये विमानांचं वेड असलेला आजोबा, 2015 ला ‘हायडी’तला डोंगरावरचा आजोबा, जो स्वित्झर्लंडमधल्या पोराटोरांना पाठ आहे, 2017 ला सॅली पॉटरच्या ‘द पार्टी’त धमाल कॉमेडी, 2018 ला लार्स फॉन ट्रिअरकडे नरकाची वाट दाखवणारा. नाझी काळाशी जोडलेले सिनेमे नंतरही केले, टेरेन्स मॅलिककडे लष्करी न्यायाधीश झाला, पण तो रोल बघून हिटलर आठवत नाही, एक थकलेला, आतून हललेला म्हातारा दिसतो.

‘मागे फक्त मीम’. 2000 ला ‘ब्रेड अँड ट्युलिप्स’मधल्या व्हेनिसच्या वेटरसाठी इटलीचा डेव्हिड दी दोनातेल्लो हा सिनेपुरस्कार मिळाला, 2010 ला युरोपियन फिल्म अकादमीने जीवनगौरव दिला, पण हे दोन्ही बाजूला ठेवा. जर्मन रंगभूमीवर इफलांड नावाची एक अंगठी आहे, जुन्या काळच्या त्याच नावाच्या एका मोठ्या नटाचं चित्र कोरलेली, जर्मन बोलणाऱ्या नटांतल्या सगळ्यात मोठ्या नटाकडे ती असते. ज्याच्याकडे असेल त्याने आपल्या पश्चात ती कोणाला द्यायची ते लिहून ठेवायचं, आणि ती आयुष्यभरासाठी असते. 1996 मध्ये तेव्हा ती ज्याच्याकडे होती तो नट योझेफ माइनराड गेला तेव्हा त्याने गान्त्सचं नाव लिहिलेलं निघालं. गान्त्सच्या मनात आपल्यानंतर गेर्ट फॉस हा नट होता म्हणतात, पण फॉस 2014 लाच गेला. 2019 मध्ये गान्त्सने ठेवलेलं नाव जाहीर झालं, येन्स हार्त्सर, नाटकातलाच माणूस, आणि आता अंगठी त्याच्याकडे आहे.