बेडूक मेले ते संशोधकांच्या गमबुटांनी?

सध्या एक मजकूर फिरतोय: 'जगभरचे बेडूक मारणारी कायट्रिड बुरशी संशोधकांनीच गमबुटांतून रानोरान नेली. त्यांना ओढ्यांवर बंदी घाला.' यात थोडं खरं आहे, म्हणून तर तो चटकन पटतो.

'ते गेले तिथेच बेडूक मेले.' हे उलटं आहे. कोस्टा रिकाकडून साथ सरकत येतेय हे ओळखून बेडूक-संशोधक कॅरन लिप्स यांचा चमू पनामातल्या एल कोपे या ठिकाणी आधीच मोजणी करत बसला होता. काही वर्षं बेडूक ठणठणीत. 2004 च्या अखेरीस मात्र मेलेले बेडूक उचलायची वेळ आली. यानं चमूचे बूट निर्दोष ठरत नाहीत, पण साथ येणार म्हणून ते गेले होते.

'बुटांनीच बुरशी समुद्रापार नेली.' बूट कशाला? बेडूकच जात होते की! बुलफ्रॉग खायला, रंगीत बेडूक पाळायला. आफ्रिकेतला झेनोपस तर 1930 च्या दशकापासून दवाखान्यांसाठी: बाईची लघवी टोचल्यावर बेडकीनं अंडी घातली, की बाई गरोदर. 2018 च्या जनुकीय अभ्यासानं बुरशीचं मूळ पूर्व आशियात दाखवलं आणि बोट बेडकांच्या व्यापाराकडेच केलं.

'संशोधक चूक झाकतात.' मग मायोर्का बघा. या स्पॅनिश बेटावरच्या भेकाचा नर अंड्यांची माळ मागच्या पायांना गुंडाळून हिंडतो. तो वाचावा म्हणून पिंजऱ्यात वाढवून सोडलेल्या भेकांबरोबरच बुरशी बेटावर पोचली. बहुधा शेजारी ठेवलेल्या आफ्रिकी बेडकांकडून आली. हे 2008 मध्ये संशोधकांनीच छापलं. पुढे बेडूकमाशांना इट्राकोनॅझोलच्या (आपल्याकडे गजकर्णावर देतात तेच) आंघोळी घातल्या, डबकी रिकामी करून जंतुनाशकानं धुतली, आणि 2015 मध्ये तिथली बुरशी गेल्याचं जाहीर केलं. मजकुरात फक्त पहिला अर्धा भाग असतो.

उलट बाजूचे 'बुटानं काय होतंय' म्हणतात, तेही चूक. तळ्याच्या पाण्यात ही बुरशी सात आठवडे तगल्याचं प्रयोगात दिसलंय. मात्र पूर्ण वाळली की तीन तासांत मरते. म्हणून ब्रशनं खाचांतला चिखल काढा, ब्लीच लावा, वाळवा. सह्याद्रीतही ती सापडली आहे, पण तिथे बेडकांचे सडे पडल्याची नोंद नाही. आंबोलीत रात्री विजेऱ्या घेऊन बेडूक बघायला जाणाऱ्यांनाही हाच नियम. फक्त जुलैत तिथे वाळवण्याच्या भरवशावर राहू नका. बूट तीन दिवसांतही वाळत नाहीत.