उरलेले १२५ मिलिमीटर

"चालवणार कुठे?" सायकलवाल्याने विचारलं.

"सगळीकडे," मी म्हणालो.

तो समजूतदार होता. म्हणाला, रोजचा डांबरी रस्ता असेल तर सस्पेन्शनच नको. टायर जरा रुंद घ्या, हवा बेताची ठेवा. इतका स्वस्तातला सल्ला मला अपमानास्पद वाटला. मग त्याने डोंगरी सायकलींच्या प्रकारांचे आकडे सांगितले. क्रॉस-कंट्रीला १०० ते १२० मिलिमीटर ट्रॅव्हल (म्हणजे सस्पेन्शन जास्तीत जास्त किती दबतं ते), ट्रेलला १२० ते १५०, डाउनहिलला थेट २००च्या आसपास. माझ्या वाटेतला सर्वांत भीषण उतार म्हणजे पार्किंगचा रॅम्प. मी १६०ची एन्ड्युरो, म्हणजे खडतर उतारांसाठीची सायकल घेतली, पुढे फोर्क, मागे शॉक, असं दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली.

पहिल्याच चढावर उभा राहून पेडल मारलं, तर सायकल माझ्याखाली उठाबशा काढायला लागली. निम्मा जोर चाकाला, निम्मा शॉक दाबायला. शेजारून एक आजोबा साध्या सायकलवरून घंटी वाजवत पुढे गेले.

मग कळलं की आधी 'सॅग' लावायचा असतो. म्हणजे आपण नुसते सायकलवर चढलो की फोर्क किती दबतो ते मोजायचं. ट्रॅव्हलच्या २० टक्के, म्हणजे माझ्या फोर्कला ३२ मिलिमीटर. त्यासाठी फोर्कच्या नळीवर एक रबरी रिंग असते; फोर्क दबेल तितकी ती सरकते. हवा किती भरायची याचा तक्ता फोर्कवरच चिकटवलेला होता, पण तो वजन विचारतो. मी बहात्तर धरलं. शॉकपंपाने हवा भरली, बायकोने हँडल धरलं, मी हळूच चढलो, हळूच उतरलो. रिंग ६० वर!

"बिघडलाय फोर्क," मी म्हणालो.

"बहात्तर लग्नात होतास," ती म्हणाली. "आणि हेल्मेट, बूट, पाण्याची बाटली, पाठीवरची बॅग? तेही धरायचं असतं ना?"

खरा आकडा धरून पुन्हा पंप मारला. तो आकडा इथे देत नाही. रिंग बरोब्बर ३२ वर थांबली. इतकी वर्षं वजनकाट्यांना चकवलं, पण या रिंगेपुढे काही चाललं नाही.

आता सोमवार ते शनिवार दोन्ही सस्पेन्शन लॉक करून चालवतो, म्हणजे व्यवहारात साधीच सायकल, फक्त जड. रविवारी मात्र लॉक उघडतो आणि मुद्दाम वाट वाकडी करून पार्किंगच्या रॅम्पवरून दोनदा उतरतो. उतरल्यावर वाकून रिंग बघतो. पस्तीस. उरलेले १२५ अजून कोरे आहेत.