बँकेचं कन्फर्मेशन क्लायंटच्या हातात देऊ नका

ऑडिटची फाईल किती जाड आहे याला काडीची किंमत नाही. त्यातला कागद कुणाच्या हातून आला, ते बघायचं असतं. तरीही दर एप्रिल-मेमध्ये तेच चालतं: बँकेला पाठवायचं कन्फर्मेशनचं पत्र (म्हणजे क्लायंटच्या खात्यात खरंच किती शिल्लक आहे, ते विचारणारं) ऑडिटरकडे शिकणारा आर्टिकल टाईप करतो, क्लायंटच्या अकाउंटंटकडे देतो आणि आठवड्याने सही-शिक्क्यासकट त्याच्याकडूनच परत आणतो. फाईलला लागलं, विषय संपला.

सत्यम कॉम्प्युटर्सचा घोटाळा आठवा. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी कबूल केलं, की पुस्तकात दाखवलेल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिल्लकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. शंभरातले चौऱ्याण्णव रुपये! आणि हा तपासायला सगळ्यात सोपा आकडा. २०११ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या एसईसीने सत्यमचं ऑडिट करणाऱ्या प्राइस वॉटरहाऊसच्या भारतातल्या फर्म्सवर कारवाई केली, तेव्हा आदेशात हेच नोंदवलं: कन्फर्मेशन पाठवणं आणि परत मिळवणं, दोन्ही ऑडिट टीमने कंपनीवर सोडलं होतं.

एसए ५०५ या ऑडिटच्या मानकाप्रमाणे पत्ता ऑडिटरने तपासायचा, पत्र ऑडिटरने पाठवायचं आणि उत्तर थेट ऑडिटरकडे यायचं. ईमेल आला तर डोमेन बघा. ब्रांच मॅनेजर जीमेलवरून एफडीची शिल्लक कळवत असेल तर फोन लावा, आणि तोही क्लायंटने दिलेल्या नंबरवर नको.

असंच पत्र उधारीच्या पार्ट्यांनाही जातं, आणि त्या उत्तरच देत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण पार्टी गप्प बसली म्हणजे तिला शिल्लक मान्य आहे असं होत नाही. मार्चअखेरचं येणं एप्रिल-मेच्या बँक स्टेटमेंटला खरंच जमा झालंय का बघा. नसेल तर ट्रान्सपोर्टची बिल्टी (माल पाठवल्याची पावती), ई-वे बिल, माल पोचल्याची सही काढा. इन्व्हॉइस क्लायंट स्वतःच छापतो. बिल्टीला निदान तिसऱ्या माणसाचा हात लागलेला असतो.

(स्टॉकचंही तेच. मॅकेसन अँड रॉबिन्स या अमेरिकन औषध कंपनीचा कॅनडातल्या गोडाऊनमधला माल कागदावरच होता, हे १९३८ मध्ये बाहेर आलं. त्यानंतर अमेरिकेत ऑडिटरने स्टॉकमोजणीला स्वतः हजर राहायचं, असं ठरलं.)

आता समजा, लेजरला ४० लाख आणि पार्टीचं उत्तर ३१ लाख. अकाउंटंट म्हणतो, "सर, माल वाटेत असेल." असेलही. मग ते ९ लाखांचं बिल आणि बिल्टी टेबलावर यायला हवी. मॅनेजमेंट रिप्रेझेंटेशनमध्ये, म्हणजे मालकाने ऑडिटरला दिलेल्या लेखी निवेदनात, एक वाक्य टाकून हा फरक मिटत नाही. नुसतं लेखी निवेदन पुरेसा पुरावा नाही, हे एसए ५८० मध्ये स्पष्ट लिहिलंय.

"एवढ्याशा फीमध्ये हे कोण करणार?" असं आपल्यातलेच लोक विचारतात. फी कमी आहे, मान्य. पण थेट बँकेला पत्र पाठवायला असा किती खर्च येतो? खरी अडचण आहे ती क्लायंट दुखावेल याची. मालक विचारतो, "आमच्यावर विश्वास नाही का?" त्याला सरळ सांगा, की हे पत्र आम्ही प्रत्येक क्लायंटच्या बँकेला पाठवतो, आणि तुमच्या सहीचं अधिकारपत्र आजच हवंय.