जबलपूरचा उल्लेख हवा होता

१९३४ च्या लंडन-मेलबर्न शर्यतीतल्या डी हॅविलँड कॉमेट विमानांवरचा तुमचा लेख आवडला, पण सगळा भर विजेत्या लाल 'ग्रोव्हनर हाउस'वर. काळं 'ब्लॅक मॅजिक' दोन ओळींत उरकलंत! त्याचे वैमानिक जिम आणि एमी मॉलिसन कराचीपर्यंत विक्रमी वेळेत पोचले होते. पुढे अलाहाबादची वाट चुकून जबलपूरला उतरले. तिथे विमानाचं पेट्रोलच नव्हतं, म्हणून बसगाड्यांचं साधं पेट्रोल भरलं आणि इंजिनाची वाट लागली. कसंबसं अलाहाबाद गाठलं आणि तिथेच त्यांची शर्यत संपली. 'ग्रोव्हनर हाउस'चे स्कॉट आणि कॅम्पबेल ब्लॅक मात्र सुमारे ७१ तासांत मेलबर्नला!

कॉमेटच्या पंख्याची (प्रोपेलरची) गंमतही राहिलीच. पाती उड्डाणाच्या कोनात ठेवायला आधी पंख्याच्या तुंब्यात (मधल्या भागात) चक्क सायकलच्या पंपाने हवा भरायची. वेग वाढला की समोरची चकती वाऱ्याच्या दाबाने आत जायची, हवा सुटायची आणि पाती जास्त वेगाच्या कोनात वळायची. एकदा वळली की उतरेपर्यंत तशीच. म्हणजे उतरताना अंदाज चुकला तर पुन्हा वर उठणं महाकठीण.

प्रतिकृतीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. कॅलिफोर्नियात बांधलेली, १९९३ मध्ये उडालेली प्रत तुम्ही 'नक्कल' म्हणून झटकलीत. मूळ विमानंच जेमतेम पाच. त्यातलं विजेतं इंग्लंडमधल्या शटलवर्थ विमानसंग्रहात अजून उडतं, हे नशीबच. पण ते लाकडी जुनं धूड सारखं कोण उडवणार? म्हणून ही प्रत मोलाची. 'ब्लॅक मॅजिक'ही पोर्तुगालमधून परत आणून इंग्लंडमध्ये दुरुस्तीला घेतलंय. त्यावर स्वतंत्र लेख लिहाच.