‘ळ’ला बक्षीस नाही

आमच्या घरात आजमितीस १४ मग, ९ टोप्या, ११ टी-शर्ट, ३ छत्र्या आणि मोजण्याचा नाद मी सोडून दिला आहे इतक्या किल्ल्यांच्या साखळ्या आहेत, आणि यांतली एकही वस्तू आम्ही विकत घेतलेली नाही. हे सर्व माझ्या आत्याने इंदूरच्या एफएम केंद्रांकडून जिंकून आणले आहे, असे म्हणण्याची आमच्याकडे पद्धत आहे. वस्तुतः जिंकते ती आणि आणतो मी.

आत्या ७९ वर्षांची आहे. राजेंद्रनगरातल्या आमच्या घरी तिचा रेडिओ स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो आणि तिचा फोन तिच्या उजव्या हातात असतो, त्यामुळे भाजी निवडण्याचे काम गेली काही वर्षे डाव्या हाताने चालते. केंद्रांची नावे ती लक्षात ठेवत नाही. ९२.७, ९३.५, ९४.३, ९८.३ अशा आकड्यांनीच ती त्यांना ओळखते, जसे पूर्वीचे लोक वाड्यांना त्यांच्या क्रमांकाने ओळखत. यांपैकी कोणत्या आकड्याने मला सर्वाधिक छळले हे मी येथे सांगणार नाही, कारण पुढच्या गुरुवारी मला तेथे पुन्हा एक मग आणायला जायचे आहे.

स्पर्धेतले प्रश्न अवघड असतात अशी कोणाची समजूत असेल तर ती दूर केली पाहिजे. ‘इंदूरच्या विमानतळाला कोणाचे नाव आहे?’ हा प्रश्न विचारला गेला, तेव्हा देवी अहिल्याबाईंचे नाव गावातल्या लहान पोरानेही सांगितले असते. परीक्षा असते ती बोटाची. फोन व्यस्त असताना पुन्हा तोच क्रमांक लावणे, पुन्हा व्यस्त लागल्यास न चिडता पुन्हा लावणे, आणि हे करताना दूध उतू जाऊ न देणे, या त्रिविध कौशल्यात आत्याचा हात धरणारे कोणी माझ्या पाहण्यात नाही.

पण आत्याला बक्षीस नको असते. हे मला फार उशिरा कळले.

तिच्या लहानपणी इंदुरात रेडिओ म्हणजे मालवा हाउस, अर्थात आकाशवाणीची इमारत. २२ मे १९५५ रोजी आकाशवाणीचे इंदूर केंद्र सुरू झाले, आणि ६४८ किलोहर्ट्झची खूण आमच्या जुन्या रेडिओच्या काचेवर आजोबांनी लाल शाईने केली होती. ती शाई काचेच्या बाहेरच्या बाजूला असल्यामुळे दर दिवाळीच्या साफसफाईत पुसली जाई आणि दर पाडव्याला पुन्हा केली जाई. त्या काळी टपाल कार्यालयात जाऊन रेडिओच्या परवान्याची फी भरावी लागे, म्हणजे ऐकणाऱ्यानेच सरकारला पैसे द्यायचे असा व्यवहार होता. श्रोत्याला परत काय मिळे? फर्माइशीचे पोस्टकार्ड पाठवले आणि नशीब बलवत्तर असले तर गाण्याआधी त्याचे नाव वाचले जाई. बस्स. त्या एका नावासाठी झुमरी तिलैयाच्या लोकांनी पोस्टकार्डांचा पाऊस पाडून आपले गाव देशभर गाजवले. मध्यंतरी बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरवली, सारा देश रेडिओ सिलोनकडे वळला आणि शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. केसकर मराठी होते ही गोष्ट आमच्या घरात दबक्या आवाजात बोलली जाई.

तर आत्याचे नाव त्या काळी तीनदा वाचले गेले होते, आणि तिन्ही वेळा ‘मुळे’ असे स्वच्छ वाचले गेले होते. हे महत्त्वाचे आहे. हिंदी बोलणाऱ्या गावात मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या राहिला, त्याने सणाच्या दिवशीही सकाळी पोह्यांवर शेव आणि जिरावण घालून खाल्ले, घरात भांडताना तो अर्धा हिंदीत भांडू लागला, तरी एका ‘ळ’साठी त्याचा जीव अडकलेला असतो. इकडच्या माळवी बोलीत ‘ळ’ आहे, त्यामुळे शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातले नंदाजी आणि भेराजी बोलू लागले की शेतीशी काडीचा संबंध नसलेले आमचे आजोबा केवळ तेवढ्यासाठी कान देऊन बसत.

मग २००१ च्या ऑक्टोबरात खासगी एफएम आले. मुंबई आणि दिल्लीच्याही आधी ते इंदूरला आले, रेडिओ मिर्चीचे देशातले पहिले केंद्र येथेच निघाले, याचा अभिमान गावाने पुष्कळ दिवस बाळगला. आवाज काचेसारखा स्वच्छ झाला. श्रोत्याला पैसे मागण्याऐवजी वस्तू देऊ लागले. फक्त निवेदक गेले आणि आरजे आले, आणि आत्याचा फोन लागून ती पहिल्यांदा जिंकली तेव्हा पलीकडून उत्साहाने फुटणारा आवाज म्हणाला, “बधाई हो, मूले आंटी!”

“मूले नाही हो, मुळे,” आत्या म्हणाली.

“जी, मुडे आंटी!”

“मुळे. मु-ळे.”

“अरे वाह, तो मूली आंटी, आपको मिलता है हमारी तरफ से एक गिफ्ट हॅम्पर!” आणि गाणे सुरू झाले.

त्या हॅम्परमध्ये एक मग, एक टोपी आणि ‘श्रीमती मूली’ असे छापलेले प्रशस्तिपत्र होते. आत्याने ते प्रशस्तिपत्र वाचले, घडी घालून गव्हाच्या डब्याखाली ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन लावला. तिची जिद्द बक्षिसासाठी आहे असे समजून आम्ही तिचे कौतुक करत राहिलो आणि वस्तू येत राहिल्या.

वस्तू येत राहिल्या म्हणजे मी जात राहिलो. केंद्राचे कार्यालय विजयनगराकडच्या एका संकुलाच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आहे, म्हणजे आमच्या घरापासून शहराच्या नेमक्या दुसऱ्या टोकाला. २०१३ साली राजीव गांधी चौक ते निरंजनपूर असा बसगाड्यांचा स्वतंत्र मार्ग सुरू झाला, तेव्हा तो माझ्या मगांसाठीच बांधला असावा असे मला वाटले होते. पुढे तो मार्ग मोडून काढायचे ठरले. मेट्रो ३१ मे २०२५ पासून धावू लागली, पण ती सुपर कॉरिडॉरवर, आणि तेथे कोणी मग वाटत नाही.

तेथे पोहोचल्यावर पहारेकऱ्याच्या वहीत ‘येण्याचे कारण’ हा रकाना असतो. सुरुवातीला मी ‘पारितोषिक स्वीकारणे’ असे लिहीत असे. हल्ली ‘मग’ लिहितो. आत विजेत्याच्या आधार कार्डाची प्रत आणि विजेत्याने सही केलेले अधिकारपत्र द्यावे लागते. एका व्यक्तीला ३० दिवसांतून एकदाच बक्षीस मिळेल असा नियम असल्यामुळे आत्याने आधी माझ्या नावाने, मग माझ्या पत्नीच्या, मग पुण्यातल्या माझ्या मुलाच्या आणि अखेर आमच्या काकांच्या नावाने जिंकायला सुरुवात केली. काका वारले त्याला नऊ वर्षे झाली. त्यांनी जिंकलेली टोपी मागायला मी गेलो तेव्हा समोरची मुलगी अतिशय अदबीने म्हणाली की सरांची सही लागेल, किंवा सर स्वतः आले तरी चालेल.

तेथल्या बाकावर नेहमीची मंडळी भेटतात. सुदामानगरातले एक निवृत्त गृहस्थ पत्नीसाठी येतात, टिळकनगरातले एक जण सासूसाठी येतात, आणि आम्ही तिघे आपापसांत टी-शर्टांची अदलाबदल करून पाहतो. पण सर्व टी-शर्ट एकाच मापाचे, म्हणजे आमच्यापैकी कोणाही दोघांना एकत्र मावतील असे असल्यामुळे त्यातून काही निष्पन्न होत नाही. १०,००० रुपयांवरच्या बक्षिसावर ३० टक्के कर कापून घेतात, अशी माहिती सुदामानगरवाल्यांनी एकदा चिंतेने दिली होती. आम्ही तिघांनी हातातल्या वस्तूंकडे पाहिले आणि चिंता सोडून दिली.

वापरून पाहिल्या नाहीत असे नाही. मगात चहा ओतला की तापून त्यावर एका आरजेचा डोळा मारणारा चेहरा उमटतो, आणि ज्येष्ठ पाहुण्यांसमोर चहा ठेवताना पत्नीला तो चेहरा कोणत्या बाजूला वळवावा हे समजत नाही. एक चिमुकला रेडिओही मिळाला होता, त्यावर फक्त देणाऱ्याचेच केंद्र लागे. स्कूटरवरचे स्टिकर निघत नाही. त्या केंद्राची ती स्पर्धा केव्हाच संपली, तरी ‘मला अडवा आणि पेट्रोल द्या’ अशा अर्थाची घोषणा मिरवत मी गावभर हिंडतो आणि अडवतात ते फक्त वाहतूक पोलीस.

शेवटी पत्नी म्हणाली, “अहो, हे सगळे टाकून या.” देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरात काही टाकून देणे किती कठीण असते, हे तिला ठाऊक नसावे असे नाही, म्हणूनच तिने ते काम मला सांगितले. आमच्याकडे कचऱ्याचे सहा प्रकार वेगळे करावे लागतात: ओला, प्लॅस्टिक, इतर सुका, घरगुती घातक, सॅनिटरी आणि इलेक्ट्रॉनिक. मी सकाळी पोते घेऊन फाटकाशी उभा राहिलो. गाडीवरच्या तरुणाने एक छत्री उचलली. कापड सुक्यात, काडी लोखंडाची, मूठ प्लॅस्टिकची, आणि मुठीत एक दिवा, त्याच्यात बटनाएवढा सेल. “बाबूजी, ये तो छहों में जाएगी,” तो म्हणाला आणि त्याने ती मला परत दिली. टोपीच्या पुढच्या भागात लुकलुकणारे दिवे होते. किल्ल्यांच्या साखळीत शिट्टी, होकायंत्र आणि टॉर्च होती. चहाचा मग तर फुटल्याशिवाय कचरा ठरेना आणि फोडायला हात होईना. पोत्यातल्या वस्तू तो एकेक करून वाचत होता, तेवढ्यात त्याच्या हाती ते प्रशस्तिपत्र आले, जे पत्नीने गव्हाच्या डब्याखालून काढून बहुधा नजरचुकीने पोत्यात टाकले होते.

“ये मूली कौन है?”

“माझी आत्या. आडनाव मुळे,” मी म्हणालो.

“मुळे,” तो म्हणाला. देवासकडच्या खेड्यातला होता तो. त्याने ‘ळ’ असा उच्चारला की जणू दात नसलेल्या माणसाने गूळ चघळावा. खिडकीतला रेडिओ बंद झाल्याचे मला ऐकू आले.

आत्या बाहेर आली. तिने त्याच्याकडून नाव आणखी दोनदा म्हणवून घेतले, घरातून सर्वांत धड टी-शर्ट आणून त्याच्या खांद्यावर टाकला आणि छत्रीही त्याला दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली, तेव्हा त्याने गाडीवरचे गाणे थांबवले आणि ध्वनिक्षेपकातून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, “ओ मुळे काकी, कचरो लाव!”

त्या दिवसापासून आत्या पावणेआठलाच फाटकाशी जाऊन उभी राहते. काल त्याला दुसरा मग देण्यासाठी ती निघाली, तेव्हा एका व्यक्तीला ३० दिवसांतून एकदाच मिळते याची मी तिला आठवण करून दिली. ती म्हणाली, “तो त्याच्या भावाच्या नावाने घेईल.”