लिंक पाठवली म्हणजे दाखवलं असं नाही

नागपूरच्या आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर अलीकडे एक वाद पेटला. ताडोबा, कोळसा, राखड (वीज केंद्रांतली कोळशाची राख) यांवरचे माहितीपट शहरातल्या महोत्सवांत एसी हॉलमध्ये लागतात. ते खेडोपाडी दाखवायला सरकारने पैसा घालावा का? नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या मित्राने एका ओळीत निकाल लावला, "सगळं यूट्यूबवर फुकट हाय बे, गावात पडदा लावाले पैसे कायले?" दुसऱ्याचं म्हणणं, लोकांना डॉक्युमेंटरी नकोच असते, क्रिकेट लावून द्या. मला दोघांचंही पटलं नाही.

मी कॅनडात सडबरीला राहतो. निकेलच्या खाणींचं हे गाव. खनिज भाजताना निघणाऱ्या गंधकाच्या धुराने इथले खडक काळे पडले, डोंगर बोडके झाले. 1972 मध्ये 381 मीटर उंच चिमणी उभारली, म्हणजे गावचा धूर दूरवरच्या लोकांच्या नावे केला. 1978 पासून जमिनीवर चुनखडीची भुकटी पसरून झाडं लावायला घेतली. आजवर एक कोटीच्या वर लागली. नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राच्या रस्त्यावर वाढलेल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटत नाही.

इथल्या सरकारी पैशावर 1939 पासून चालणाऱ्या नॅशनल फिल्म बोर्डाचे हजारो चित्रपट वेबसाइटवर फुकट आहेत. पण फुकट आहेत म्हणून घरी बसून ते पाहणारा शेजारी मला अजून भेटायचा आहे. पाहिले जातात ते वाचनालयात. नगरपालिकेचं वाचनालय लागेल तिथे जाहीर प्रदर्शनाचे हक्क विकत घेतं, संध्याकाळ ठरवतं, आणि सिनेमानंतर प्रश्नांना उत्तर द्यायला कुणाला तरी बसवतं. गर्दी उसळते असं समजू नका. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या, उरलेल्यांवर पांढरे केस. खरं सांगायचं तर प्रेक्षकांच्या बाबतीत विदर्भच श्रीमंत आहे. दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत जाऊन बघा. वडशाच्या मंडळ्यांची नाटकं पाहायला लोक तिकीट काढून, थंडीत घोंगडी पांघरून रात्रभर मंडपात बसतात. अशा मुलखातल्या माणसांना 40 मिनिटांचा माहितीपट झेपणार नाही, हे धरमपेठेतल्या सोफ्यावर बसून कोण ठरवतं?

कॅनडाकडून घ्यायची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती जुनी आहे. न्यूफाउंडलँडच्या किनाऱ्याजवळ फोगो नावाचं बेट आहे. मासेमारी बसली होती, आणि बेटकऱ्यांना मोठ्या गावांत हलवावं असा सरकारचा विचार चालला होता. 1967 मध्ये फिल्म बोर्डाच्या कॉलिन लो यांनी तिथे 27 छोटे चित्रपट केले. ते आधी बेटावरच दाखवले, ज्यांचं बोलणं टिपलं त्यांची संमती घेतली, मगच प्रांताच्या राजधानीत मंत्र्यांपुढे नेले. मत्स्यव्यवसाय मंत्र्यांचं उत्तरही कॅमेऱ्यावर घेऊन बेटावर दाखवलं. पुढे बेटकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि बेट रिकामं झालं नाही. एकट्या सिनेमाने हे घडवलं असं कुणी म्हणू नये. पण पहिला खेळ कुणासाठी, याचं उत्तर तिथे स्पष्ट होतं.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. वाघावरचा चित्रपट ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या जंगलात चित्रित होतो आणि इंग्रजी निवेदनासह जगभर फिरतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपानाला त्याच जंगलात जाणाऱ्या बाईला तो दिसतच नाही. तिने पाहिला तर ती विचारेल, "वाघाचं कौतुक झालं, पन आमी कुठी हावो याच्यात?" हा प्रश्न दिग्दर्शकाच्या तोंडावर विचारला गेला, तर पुढचा चित्रपट निराळा निघेल. यूट्यूबखालच्या रकान्यात ती हे लिहायला जाणार नाही.

राखडीचंही तेच. 2022 च्या पावसाळ्यात कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखड बंधारा फुटला आणि राखेचा गाळ नाल्याकाठच्या वस्त्यांकडे वाहत गेला. अशा प्रकल्पांच्या पर्यावरणीय जनसुनावणीआधी किमान 30 दिवसांची सूचना द्यावी लागते आणि पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो, असं 2006 ची अधिसूचना सांगते. मूळ जाडजूड अहवाल इंग्रजीत, सारांश सरकारी मराठीत, वाचणार किती? त्याच 30 दिवसांत शेजारच्या तालुक्यातल्या राखडीवरचा एखादा माहितीपट ग्रामपंचायतीसमोर लागला, तर सुनावणीत प्रश्न तरी नेमके येतील. कंपनीनेही आपला चित्रपट आणावा, हरकत नाही. दोन्ही लावा.

खर्चाचं रडगाणं मला मान्य नाही. पूर्वी फिल्म्स डिव्हिजनची, म्हणजे केंद्र सरकारच्या माहितीपट खात्याची, रीळं मुख्य सिनेमाआधी दाखवणं थिएटरांना बंधनकारक होतं. तेव्हा सरकारला हे जमत होतं. आज 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो ग्रंथालयं राज्यात आहेत, त्यांतली 'ड' म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गातली कितीतरी गावांत. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले आहेत.

अडचण हक्कांची आहे. काही ओटीटी कंपन्या निवडक माहितीपटांना विनामूल्य शैक्षणिक खेळाची परवानगी देतात. पण त्यासाठी सभासद खातं लागतं, अटी इंग्रजीत असतात आणि आवाज मराठीत नसतो. म्हणून निदान जिथे जनतेचा पैसा लागला आहे, तिथे करारातच दोन कलमं हवीत: मराठी निवेदन, आणि ग्रामपंचायत, शाळा, ग्रंथालय यांना न विचारता दाखवण्याचा हक्क. खासगी निर्मात्याला वन विभाग चित्रीकरणाची परवानगी देतोच. त्या परवान्यात पहिला खेळ जंगलालगतच्या गावात, एवढी अट घालायला कुठला निधी लागतो?

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. महालातल्या मित्राचं उत्तर आलं, "मंग पडद्याले वर्गणी तू देजो." देतो म्हणालो. पण निवेदनाचं कलम मंजूर करून घेणं त्याच्याकडे. हिवाळी अधिवेशनाला आमदार त्याच्याच घराजवळ येतात, माझ्या नाही.