कुंभ्याच्या रसाने सापाचं विष उतरत नाही

पाऊस लागला की खान्देशातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. कुंभ्याचा, म्हणजे द्रोणपुष्पीचा फोटो आणि खाली मजकूर: साप चावल्यास पानांचा रस पाजा, थोडा नाकात सोडा, पंधरा मिनिटांत विष उतरेल, दवाखान्याची गरज नाही. काविळीला तोच रस डोळ्यांत घाला. शंभर टक्के अनुभव.

वनस्पती अस्सल औषधी आहे. कपाशीच्या बांधावर ती सहज सापडते. तुळशी-पुदिन्याच्या कुळातली, म्हणून खोड चौकोनी. बोट फिरवलं की चार कडा हाताला लागतात. पान चुरगळलं की उग्र वास येतो, पेरापेराला गोल गेंद आणि त्यात पांढरी इवली फुलं. सर्दी-खोकल्याला, खरजेला तिचा पाला जुनी माणसं वापरत आली, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार त्या ‘अनुभवा’बद्दल आहे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. धामण चावलेल्याला रस पाजा नाहीतर नुसतं पाणी, तो वाचणारच. नाव मात्र पाल्याचं होतं.

मण्यार चावली तर बऱ्याचदा दुखतही नाही. खाली झोपलेल्या माणसाचं पहाटे पोट दुखू लागतं, पापण्या उघडेनात, मग गिळता येईना. अशा वेळी तोंडात ओतलेला रस थेट श्वासनलिकेत जाऊ शकतो! घोणस आणि फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. म्हणून दवाखान्यात रक्त काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. नळी कलती केल्यावर ते पातळच वाहिलं, की प्रतिविष सुरू करतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर हेच प्रतिविष चालतं. घोड्याच्या रक्तातून तयार होणारं हे औषध शिरेतून देतात आणि ते रक्तातल्या विषाला धरतं. पाल्याच्या रसाने ते होत नाही.

काविळीचं थोडक्यात. दूषित पाण्याची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. डोळ्यांत घातलेल्या रसाने मात्र बुबुळाला जखम होऊन नजर जाऊ शकते.

साप चावला तर आवळपट्टी बांधू नका, जखम कापू नका, चोखू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ला फोन लावा आणि प्रतिविष असलेला जवळचा सरकारी दवाखाना गाठा. पाला शोधायला बांधावर कोणी जाऊ नका.